गाळलेलं प्रकरण

— बसा ना सर, उठू नका. मामाजी येतीलच, देवळातून यायले कितीक वेळ लागते — पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सावकाश चालतात, अन् सासूबाई हात धरून, मग वाटेत भेटंल त्याच्याशी बोलत... नाही नाही, निरोप मी नाही सांगणार, तुमीच बोला. वाचनालयाच्या बक्षिसाचं ना? मले समजलं. ते बक्षीस जवळ आलं की मोताळ्यात आमच्याच घराचा पत्ता इचारत येतात माणसं. परवा एक लेखक पेढे घेऊन आले होते. तुमी हात हालवत आले, हे एक बरं केलं.

मी? मी सून हो इथली. गोपालची बायको. दिवाळीनंतर लग्न झालं. मी बोलत नाही म्हणून घर खुश आहे — "आमच्या सुनेले तोंडच नाही," असं सासूबाई बाजारात सांगतात, चांदीचे जोडवे दाखवावे तसं. पण कादंबऱ्या वाचून दाखवते मीच. मामाजी म्हणजे माझे सासरे, जुने हेडमास्तर, बक्षीस कोणाले ते ठरवणार ते एकटे, अन् अक्षर तर अजून दिसत नाही. मग काय — जेवणं झाली की ते बंगईवर डोळे मिटून झोका घेतात, मी खाली बसून वाचते. ते इचारत नाहीत मले काही. मत मोठ्या माणसाचं, घसा सुनेचा.

पण तुमी इचारलंच तर — इचारलं नाही का? बरं, मीच सांगते. एक कादंबरी होती पुण्याच्या बाईची. खिडकीत उभी राहते अन् आठवते. खाली कॉफी थंडी होते, पुन्हा आठवते. नवरा सोडून गेला, तेही खिडकीतूनच दिसते. अख्ख्या पुस्तकात बाईनं एक भांडं घासलं नाही, मले तर तिच्या मोरीचीच काळजी लागली. मामाजी तिसऱ्या दिवशी घोरले. दुसरी एक — तिच्यात प्रत्येक प्रकरण वासानं सुरू होते. मातीचा वास, शेणाचा वास, आजोबाच्या बंडीचा वास. मामाजी म्हणे, हा लेखक आहे का मांजर? अन् एक मात्र चांगली निघाली, एस.टी.तल्या कंडक्टर बाईची. साधीच आहे, पण ती बाई भांडते कशी! आमच्या धाड गावच्या बाजारच्या दिवशीची गाडी अशीच असते, मी त्याच गाडीनं कॉलेजले जायची. वाचता वाचता मीच "पुढं सरका" म्हणून ओरडली तर मामाजी बंगई थांबवून हसले.

हाव, तुमची वाचली. सगळ्यात शेवटी.

तुमच्या पुस्तकात हिरो मुलगी पाहायले जातो ना — ते वाचताना मामाजी लई हसले हो. ती पोरगी सतरंजीचे धागे ओढत बसते, "काय वाचता?" इचारलं तरी मान वर करत नाही, पोह्यातले शेंगदाणे खवट. तुमी लिहिलं, "जणू बैलापुढं पुस्तक धरलं." मामाजीनं दोनदा वाचायले लावलं ते. दोनदा वाचलं मी. माझ्याच तोंडानं.

अजून नाही ओळखलं? कसं ओळखाल, मान खाली घालून बसवलं तुमी मले पुस्तकात. वर पाहत होती मी, सर. पिवळी साडी होती. तुमी "काय वाचता" इचारलं, अन् मी म्हटलं, तुमचीच कथा वाचली दिवाळी अंकातली, चांगली आहे पण शेवट खोटा आहे — बाई अशी मरत नसते, तिले मारून तुमी सुटले. आठवलं? तुमचे कान लाल झाले होते. तुमच्या आईनं मात्र पोहे पुन्हा मागून घेतले. शेंगदाणे आमच्या वावरातले होते, ताजे.

आठ दिवसांत नकार आला — पोरगी आगाऊ आहे. झालं! मायनं मले समोर बसवलं अन् म्हणे, संजे, आता पाहुणे आले की ओठ शिवून बसायचं. बसली. गोपालचे लोक आले, मी धागे ओढत बसली — हाव, खरोखरच — अन् पसंत पडली. तुमी लिहिलेली मुकी पोरगी मी नंतर झाली. माणूस चांगला आहे हो माझा. पण त्याले अजून माहीत नाही त्यानं कोणाशी लग्न केलं.

आता तुमाले एक सांगते, बसा. तुमचं ते आईचं प्रकरण — ती म्हातारी लुगडं वाळत घालते अन् पोराले म्हणते, तुझ्या बापानं मले जलमभर नावानं हाक नाही मारली, एकदा तू मार — ते मी आधीच चुलीपाशी बसून वाचलं होतं. भाजी करपली माझी. इतकं चांगलं कोणीच लिहिलं नाही या सगळ्या ढिगात. म्हणून ते गाळलं मी. दुसऱ्या दिवशी सरळ पुढचं प्रकरण लावलं, आवाजही हलू दिला नाही. शेवटी मामाजी म्हणाले, "पोरगा लिहिते झकास, पण माय मधातच गायब केली त्यानं. मायले विसरते तो कायचा लेखक बे?" बक्षीस कंडक्टर बाईले ठरलं. काल सांगून टाकलं वाचनालयात.

अन्याय? हाव, आहे ना. सांगा मामाजीले. ते म्हणतील, सूनबाई, वाच ते प्रकरण. मी वाचीन, त्यायच्या डोळ्याले पाणी येईल, अन् मग ते इचारतील — काऊन गाळलं होतं? तवा कोण सांगंल, मी का तुमी? ज्या पोरीवर ते बंगई धरून हसले, ती कोण होती? हेडमास्तर आहेत ते, सर. आपल्याच सुनेवर आपल्याले हसवलं असं त्यायले समजलं, तर तुमाले या तालुक्यात पाणी कोणी देणार नाही.

फाटक वाजलं. आले. — थांबा, पदर घेते.

घ्या, पोहे घ्या. माझ्याकडं काय पाहता? मी या घरात बोलत नसते.