बॉम्ब शेल्टरातला भुसा

काय सांगू तुम्हाला, माझं नातं जन्मल्यापासनं भुशाशी. माहेर कराडच्या पलीकडं, नदीकाठचं लहान गाव, वडील सुतार. आधी नांगर, कुळव, मग दारं-चौकटी, पुढं पुढं शोकेस आणि दिवाण. आम्ही तिघी बहिणी, भाऊ न्हाई, त्यामुळं शाळेतनं आलं की दप्तर टाकायचं आणि वडलांच्या खोपीत जाऊन बसायचं. आई म्हणायची, पोरीच्या जातीनं करवत धरायची न्हाई, वडील म्हणायचे, धरू दे की, तिचा हात सरळ चालतोय. आणि भुसा, तो तर आम्हाला पुरायचा न्हाई बघा. घरात भुशाची शेगडी, मधी बाटली उभी करायची, भोवतीनं भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद वर काढायची आणि त्या भोकात जाळ धरायचा, एका भरणीत सगळा स्वयंपाक व्हायचा आणि वर आंघोळीचं पाणी. शेजारच्या बायका पाटी घेऊन भुसा मागायला यायच्या. भुशाची कुणी तक्रार करतं, हे मला हितं सिंगापूरला आल्यावर कळलं.

लग्नही सुताराच्याच घरात झालं, पण आमचे हे इंजिनियर. सासऱ्यांचं साताऱ्याला फर्निचरचं दुकान होतं, ह्यांनी लहानपणी तितं इतका पॉलिश पेपर घासला की ठरवूनच टाकलं, शिकायचं आणि ह्यातनं निघायचं. पुण्याला कंपनीत लागले, तितनं हितं. टॅम्पिनीसला भाड्याचा फ्लॅट, सई आमची तेव्हा बालवाडीतली. माझा पास डिपेंडंटचा. म्हंजे नवऱ्याच्या जिवावर राहायचं, काम करायचं न्हाई. आता मी घरात कधी रिकामी बसलेली न्हाई हो, हितं हे ऑफिसला गेले, सई शाळेला गेली, की मी आणि भिंती. खाली उतरून एमआरटीच्या, म्हंजे मेट्रोच्या, स्टेशनापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, कुठं जायचं असं न्हाईच.

मग काय झालं, ह्यांच्या ऑफिसातला एक गोरा साहेब ईस्ट कोस्टच्या कोंडोत, म्हंजे पैसेवाल्यांच्या सोसायटीत, राहायचा, तो देश सोडून निघाला आणि घरातलं एकेक वाटून टाकत होता. त्याच्याकडं एक टेबल सॉ होतं, टेबलात बसवलेली विजेची करवत म्हणा, लहान, पाय दुमडणारं, उचलून न्यायचं. ह्यांनी मला सहज सांगितलं, म्हंजे हसायला म्हणून सांगितलं, आणि मी म्हटलं, घेऊन या. हे म्हणाले, वेडी आहेस का, मी म्हटलं, घेऊन याच. टॅक्सीत घालून आणलं बिचाऱ्यांनी. आणून ठेवलं आणि म्हणाले, मंगल, भुशातनं बाहेर पडायला मी एवढा शिकलो आणि शेवटी तो माझ्याच हातनं घरात आणवलास. पण म्हणताना हसत होते हं, खोटं कशाला बोलू.

पहिला देव्हारा आमच्याच देवांना केला. सागाच्या फळ्या एकाच्या जुन्या कपाटाच्या मिळाल्या, त्यातनं काढला, लहान कळस, पुढं कठडा. गणपतीला हितल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, त्यांनी बघितला, मग एक म्हणाली, मला करून दे, दुसरी म्हणाली, मलाही. पैसे घ्यायचे न्हाईत, पासवर ते चालत न्हाई, पण लाकूड त्या आणायच्या आणि मी करून द्यायची. कुणाच्या क्वीन्सटाउनच्या घरात, कुणाच्या कोंडोत माझ्या हातचा देव्हारा. तुम्हाला सांगते, त्या दोन-तीन वर्षांत मला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी मान वर करून सांगायची.

पण भुसा. सुरुवातीला मी मशीन स्वयंपाकघराच्या मागं, कपडे वाळत घालतो तितं लावलं, खिडकी उघडी ठेवून. पहिल्याच दिवशी समोरच्या चिनी आंटीनं दार वाजवलं. तिच्या कुंड्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्या पानांवर पिवळं पीठ. ओरडली न्हाई, नुसती बोट फिरवून दाखवत म्हणाली, गर्ल आ, सो डस्टी, हाऊ? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फडकं घेऊन तिची पानं न् पानं पुसली. घरात बघितलं तर सईच्या दुधाच्या पेल्यावर सायीसारखा थर.

मग मशीन बॉम्ब शेल्टरात नेलं. हितं नवीन फ्लॅटला असते ती खोली, जाड भिंतीची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची, लढाई झाली तर लपायला, एरवी लोक त्यात सुटकेसा ठेवतात. तितं मी लागले भुशाच्या मागं. त्या मशीनला खालनं बूडच नसतं, अर्धा भुसा सरळ जमिनीवर, तर मी खालनं प्लायवूड ठोकलं. मागच्या तोंडाला व्हॅक्युमचा पाइप लावला, तर व्हॅक्युमचा फिल्टर लगेच तुंबायचा, मग मधी झाकणाची बादली बसवली, जाडा भुसा गरगर फिरून बादलीत पडायचा. पात्याभोवतीची फट पट्टीनं बुजवली. पातं वरनं भुसा तोंडावर फेकतं, त्याला वर पारदर्शक टोपण केलं, त्यालाही पाइप. मला वाटलं, जिंकले. मग एकदा दिवा बंद करून टॉर्च मारला, आणि त्या उजेडात बघते तर काय, सगळं तरंगतंय. जाडं गेलं होतं आणि बारीक तसंच. ते खाली बसतच न्हाई हो, माणसानं दम धरून बघितलं तरी न्हाई. मग दाराच्या फटीला ओला टॉवेल, तोंडाला मास्क, काम झालं की आतच बसून राहायचं, मग ओल्या फडक्यानं भिंती पुसायच्या, कपडे तितंच काढून पिशवीत घालायचे, तशीच न्हाणीघरात जायची. आमचे हे म्हणायचे, ऑपरेशन थिएटरात काम करतेस का सुतारकी? पण सईच्या पेल्यावर परत कधी थर दिसला न्हाई, एवढं मी केलं होतं.

आणि मग तो धुराचा हंगाम आला. शेजारच्या देशात रानं जळतात आणि धूर हितं येतो, दरवर्षीच थोडा येतो, पण त्या वर्षी म्हंजे समोरची बिल्डिंग दिसेना, शाळा बंद ठेवली, दुकानात मास्क मिळेनात. सईला खोकला लागला. आधी दिवसा, मग झोपेतसुद्धा, बसून राहायची पोर, वाकून. क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं विचारलं, घरात काही धूळ, पाळीव प्राणी? मी तोंड उघडायच्या आत सई तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, माय ममी कट वुड लाह, एव्हरी डे. डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, पण खोली बंद असते, पाइप आहे, बादली आहे, मी सगळं पुसते. ती म्हणाली, हो, पण थांबवा. मी विचारलं, त्यानंच झालंय का हे? ती म्हणाली, धूर असेल, लाकूड असेल, अंगातच असेल, मी नक्की सांगू शकत न्हाई, पण जे आपल्या हातात आहे ते तरी थांबवा.

घरी येताना हे सईचा हात धरून पुढं पुढं चालले. लिफ्टमध्ये म्हटलं, बोला तरी काहीतरी. म्हणाले, काय बोलू, मीच आणून दिलं ना.

मी थांबवलं. त्याच आठवड्यात एका मलय माणसाला मशीन देऊन टाकलं, खाली ट्रॉली घेऊन आला होता, त्याला बादलीचं झाकण कसं बसवायचं तेही दाखवलं. मंडळातल्या एकीचा देव्हारा अर्धा राहिला होता, तिला फोन करून सांगितलं, तुम्ही विकतचाच घ्या. मग ती खोली मी धुतली, परत धुतली, छताला फडकं लावलं, तरी टॉर्च मारला की दिसायचंच काहीतरी. आता ते लाकूड होतं की साधी धूळ, मला ओळखू येईना झालं होतं.

पाऊस आला, धूर गेला. समोरची बिल्डिंग दिसायला लागली, आंटीनं कुंड्या परत बाहेर मांडल्या. सईचा खोकला गेला न्हाई. मी म्हटलं, जाईल, महिनाभर बघू, मग म्हटलं, सुट्टीत गावाकडं नेऊ, कराडची हवा बरी. तितंही खोकली. आता ती मोठी झालीय, दम्याचा पंप दप्तरातच असतो, पीटीच्या तासाला बाकावर बसते. एकदा मी ह्यांना विचारलंच, आता तर मशीन न्हाई, धूर न्हाई, मग मला सांगा, भुशानं झालं होतं का? हे म्हणाले, कशाला उकरतेस मंगल. मी म्हटलं, एकदा न्हाई म्हणा, नुसतं न्हाई म्हणा. ते म्हणाले, मला माहीत असतं तर म्हटलं असतं.

सईलाच दया आली असेल. मागं एकदा गादीवर पडल्या पडल्या म्हणाली, ममी, यू कॅन कट लाह, आय कॉफ एनीवे व्हॉट, म्हंजे मी खोकते ती खोकतेच. मी म्हटलं, न्हाई बाळ. ती म्हणाली, व्हाय नॉट? आता कशी आणू मी ते मशीन घरात? भुशानं न्हाई झालं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत न्हाई, आणि झालं असंही कुणी सांगत न्हाई.

आता खोलीत तांदळाचं पोतं आणि सुटकेसा आहेत. मंडळात कुणी विचारलं तर म्हणते, सोडलं ते. सकाळी सई उठायच्या आधी मी तिच्या पाठीला कान लावते, आत बारीक शिट्टी वाजत असते, कधी कमी, कधी जास्त. ज्या दिवशी कमी असते त्या दिवशी मला चपाती गोड लागते, एवढंच राहिलंय. तुम्हाला मुलं आहेत का हो? त्यांची छाती मोकळी राहो, देव करो आणि तुम्हाला असा कान लावायची वेळ न येवो.