भट्टीतली सफरचंदं आणि नाल्याचं पाणी

...हसा, हसा! तुमचे दात शाबूत हायेत, तुम्ही हसा! पण ज्या माणसाले एका दिवसात आठ सफरचंदं भाजायची वेळ येते ना, आन् तेही आर्णीजवळच्या तांड्यात राहून, त्याले विचारा हसू येते का! तुम्हाले सांगतो, पंचावन्न वर्षांचा झालो, सफरचंद म्हणजे दवाखान्यात बिमाराले भेटायले जाताना न्यायचं फळ, एवढंच मले ठाऊक. तेही बिमार खात नाही, उशाशी ठेवते! ते कोणी भाजते? कापसाचं विचारा मले, सांगतो. पेरणी सांगतो, वेचणी सांगतो, बोंड हातात घेऊन कधी फुटणार ते सांगतो. सफरचंदाचं मले काय मालूम?

आता तुम्ही म्हणाल, सेवादासभाऊ, मग भाजायचं अडलं होतं काय? अडलं होतं! ऐका.

माझी मोठी बहीण, बिजलीबाई. सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. सहा! आन् कारण काय? कारण एवढंसं... म्हणजे मले एवढंसं वाटलं. माझ्या ओमचं लग्न, मांडव भरलेला, बाई मधात बसून तिची नेहमीची गोष्ट सांगून राह्यली, "सेवादास बारा वर्षांचा, अंगात ताप, डोळा उघडत नाही. मी त्याले पाठीवर घेतलं, आन् गळ्याइतक्या पाण्यातून नाला पार करून डॉक्टरकडे नेलं!" बायांनी डोळ्याले पदर लावले. आता माझी एक खोड हाये. शाळेत गुरुजीनं लावलेली. मी पावसाची वही लिहितो. किती पडला, कधी पडला, नाल्याले पाणी किती, सारं. तं मी काय केलं? गप बसावं ना? नाही! घरात गेलो, पेटी उघडली, वही काढली, आन् भर मांडवात मोठ्यानं वाचलं, "सतरा ऑगस्ट. नाल्याले पाणी घोट्याइतकं."

ढोलवाल्यानं ढोल थांबवला हो! बाईनं माझ्याकडे पाह्यलं. ताटात लाडू तसाच. उठली, आन् गेली.

आमच्या तांड्यातली म्हातारी माणसं एक गोष्ट मानतेत. रुसलेलं माणूस घरी आलं आन् त्यानं गोड खाल्लं, तं मिटलं. न खाता उठलं, तं मग मयतीलेच भेट. आन् यंदा तिचा मुलगा देवीलाल याचा फोन आला, "मामा, आई मंगळवारी दुपारी येते म्हणते." मले उभ्या उभ्या रडू आलं. तिच्या वावरात बोंडअळी, माझ्या वावरात बोंडअळी, तिले वाटलं असेल, आता रुसून तरी काय उरलं! म्हटलं, देवीलाल, शिरा करतो, लापशी करतो. तं म्हणे, "मामा, शुगर निघाली तिले. गूळ-साखर बंद. फळ चालते म्हणे डॉक्टर. पण चावणार कशानं? दात सारे काढले. कवळी केली, ते डब्यात ठेवते."

घ्या! गोड पाहिजे, साखर नको, चावायचं नाही! सांगा, असं काय असते दुनियेत?

तं आमची सून राखी म्हणते, "मामाजी, मी मोबाईलवर पाह्यलं. सफरचंद कोरायचं, आत दालचिनी आन् थोडंसं तूप टाकायचं, आन् भाजायचं. लोण्यासारखं होते. साखरेचं काम नाही." म्हटलं, कशात भाजायचं? म्हणे, "ओव्हनमधी." म्हटलं, आपल्याकडे हाये? म्हणे, "नाही." मग झालं की!

पण मी पडलो धीराचा माणूस. सोमवारी चुलीत एक करून पाह्यलं. चुलीत आमच्याकडे काय असते? पऱ्हाटी. कापूस निघाला की वाळलेली झाडं उपटून ठेवतो, तेच सरपण. आन् पऱ्हाटीचा स्वभाव काय? भडभड पेटते आन् घडीत राख! सफरचंदाची साल जळली, आत दगड. आमची हंसाबाई, म्हणजे घरची लक्ष्मी, तिनं बोटानं दाबून पाह्यलं आन् म्हणते, "हे वाढा तुमच्या बहिणीले. दात गेले, आता हिरड्याही जाऊ द्या तिच्या!"

कापसाचं विचारा मले, सांगतो. सफरचंदाचं मले काय मालूम?

तेव्हा मले आठवला अब्दुल गनी! आर्णीत बेकरी हाये त्याची. दिवाळी आली की आम्ही सारे आपला मैदा, आपलं तूप घेऊन जातो, ट्रेवर नावाची चिठ्ठी लावतो, आन् त्याच्या भट्टीतून नानकटाई भाजून आणतो. मंगळवारी सकाळीच आठ सफरचंदं कोरून, दालचिनी-तूप भरून, चिठ्ठी लिहिली, 'सेवादास, सफरचंद, नग आठ', आन् निघालो. एस्टी उशिरा आली, पोचायले एक वाजला.

गनीभाईनं ट्रे पाह्यला, चिठ्ठी वाचली, पुन्हा ट्रे पाह्यला. "सेवादासभाऊ, तीस साल से भट्टी चला रहा हूँ. पाव आया, खारी आई, नानकटाई आई. सेब पहली बार आया! किसकी तबीयत खराब है?" मी सारी गोष्ट सांगितली. मोठा समजदार माणूस. म्हणे, "पाव निकल गए, अब उतरती आँच है. इसको धीमी आँच ही चाहिए. अंदर रखो, ढक्कन लगाओ, और घंटाभर हाथ मत लगाओ. मैं नमाज पढ़के आता हूँ."

हात मत लगाओ! एवढंच सांगितलं होतं हो त्यानं!

बसलो. पाच मिनिटं बसलो. दहा मिनिटं बसलो. मग म्हटलं, पाहू तं जरा... ढक्कन सरकवलं. आत जाळच नाही! नुसता अंधार! आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं जन्मभर चूल फुंकली, त्याले जाळ नसलेली भट्टी पाहवते का? माझी बहीण दुपारी येऊन राह्यली, सहा वर्षांनी, आन् आत सफरचंदं गार पडून राह्यली! बाजूले पऱ्हाटीची मोळी होती, सकाळी भट्टी पेटवायले ठेवलेली. दोन्ही हातांत मावली तेवढी एक कवळ टाकली. पेटली बाप्पा! म्हटलं, हां, आता कशी भट्टी दिसते! मग आणखी एक कवळ टाकली...

गनीभाई आला तं भट्टीच्या तोंडातून जाळ बाहेर! "या अल्लाह! सेवादासभाऊ, ये भट्टी है, होली नहीं!"

बाहेर काय आलं? आठ कोळसे. काळेकुट्ट. आन् घड्याळात अडीच!

घरी पोचलो तं बाई अंगणात बाजेवर बसलेली. शेजारच्या बाया जमलेल्या. बाई बारीक झालती, गाल आत गेलते. हंसाबाईनं माझ्या हातचा ट्रे घेतला, फडकं उचललं, आन् माझ्याकडे असं पाह्यलं, असं पाह्यलं... पण दुसरं होतंच काय घरात? ताटलीत ठेवलं बाईपुढं.

बाई म्हणे, "हे काय? कोळसा?"

मी म्हटलं, "सफरचंद हाये, बाई. गोड हाये." आता उठते ती, आत्ता उठते...

बाईनं एक उचललं. फिरवून पाह्यलं. अंगठा दाबला, तं कडक साल तडकली, आन् आतून पांढरं, मऊ, फुललेलं वर आलं. बाई पूर्ण तांड्यात वेचणीले एक नंबर होती, तुम्हाले सांगतो. तिनं तीन बोटं घातली आन् एका झटक्यात सारा गर बाहेर! सालीचा कण नाही लागलेला! हातात धरून पाहत राह्यली. मग म्हणते, "भिया..." आमच्यात बहीण भावाले भिया म्हणते हो, सहा वर्षांनी ऐकलं मी ते... "भिया, हे तं बोंड हाये रे! माझ्या वावरात यंदा सारी उलटी होती. वरून चांगली, आत अळी. यंदाचं पहिलं धड बोंड तुझ्या घरी पाह्यलं."

आन् खाल्लं! एक नाही, तीन खाल्ले!

मग काय, पोट भरलं, बाया जमलेल्या, बाईनं गोष्ट सुरू केली. "सेवादास बारा वर्षांचा, अंगात ताप..." हंसाबाईनं मागून माझा सदरा धरून ठेवला. "...आन् गळ्याइतक्या पाण्यातून!" बाई थांबली. माझ्याकडे पाह्यलं. साऱ्यांनी पाह्यलं. मी उठलो. पेटी उघडली, वही आणली, पेन काढला, आन् आयुष्यात पहिल्यांदा वहीतलं अक्षर खोडलं. 'घोट्याइतकं' खोडून 'गळ्याइतकं' लिहिलं. म्हटलं, राखी, वाच बाईले.

राखीनं वाचलं. बाई ऐकून घेते, आन् काय म्हणते?

"गळ्याइतकं नोतं रे, बुद्धू! गळ्याइतकं असतं तं दोघंही बुडलो नसतो का? कंबरेइतकं होतं. बोलताना बोलते माणूस. वहीत खोटं कायले लिहितं?"

लिहिलं मग 'कंबरेइतकं'. आता त्या एका तारखेले तीन पाणी हायेत, घोटा, गळा, कंबर. परवा ओम विचारते, "बाबा, खरं किती होतं?"

आता त्याले काय सांगू? ताप तिसऱ्या दिवशी उतरला, तेव्हा उठून नाला पाह्यला आन् मागच्या तारखेले लिहून टाकलं मी. कापसाचं विचारा मले, सांगतो. त्या दिवशीच्या पाण्याचं मले काय मालूम? मी तं डोळे मिटून बाईच्या पाठीवर होतो!