फ्रिजचा गॅस आणि आपला हौद

हॅलो? … हां अप्पा, बोला. … क्रांती चौकात अडकलेय. मोर्चा हाय, काही हलंना. स्कूटीवर पायाशी रिकामा सिलिंडर, येणारे-जाणारे बघायलेत. …

भंगारवाला सांडू आला? आत्ता? अहो, त्याला बसवा, चहा द्या! … नाय, नाय, आईच्या फ्रिजला हात लावू देऊ नका. त्यानं पकडीनं नळी कापली की सगळा गॅस फुस्स! … जुना म्हणूनच तर! तो जुनाच गॅस हाय, ओझोन खाणारा. मी येऊन सिलिंडरमध्ये ओढून घेते.

काय? … शंभर वर्षांत संपतो, तर संपू दे? कोण म्हणालं? … मी? अहो, गॅसचं आयुष्य शंभर वर्षं म्हणाले मी! … तेच नाय! ऐका ना. … अप्पा, मला बोलू द्याल का? विद्यापीठात दिवसभर मी हेच करते. हवेत गॅस हाय किती, वर्षाला तुटतो किती, भागाकार केला की शंभर येतात. …

हां, हौदासारखंच. … पण एकशेएकाव्या वर्षी कोरडा नाय पडत! … देवा! अहो, आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो. हौद अर्धा झाला की आई काय करायची? … ओरडायची, बरोबर. आणि? … वापर अर्ध्यावर आणायची! पाव राहिला की पाव. कधी पूर्ण रिकामा झाला का? … व्हय ना? गॅसचं तसंच. जेवढा कमी उरतो, तेवढा कमी तुटतो. शंभर वर्षांनीही तिसऱ्या हिश्शाहून जास्त उरतोच.

ओ भाऊ, हॉर्न काय वाजवायलात? पुढं मोर्चा हाय, उडत जाऊ का? … तुम्हाला नाय अप्पा.

चाळीस वर्षांपूर्वी सोडलेला? तो कशाला पायजे आता? आधी सांडूला … बरं, बरं! शंभरातले सदुसष्ट भाग अजून वरच हायेत. … हो, आजही. झालं समाधान? …

हॅलो? … अप्पा?

अहो, तेव्हा तुमच्यासारखे सगळेच मेकॅनिक तसंच करायचे. जुना गॅस गल्लीत सोडायचा, नवा भरायचा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? … किती फ्रिज ते आता कशाला आठवताय? … रडू नका हो.

सांडूला द्या फोन. … गेला? कधी? … सकाळीच परत पाठवलात? मग मी भर चौकात बोंबलायले कशासाठी! … आकडा ऐकायला? सरळ विचारायचं ना! … मी खोटं सांगितलं असतं? …

हो. सांगितलं असतं.

चिडल्यावरच खरं बोलते व्हय मी? आईनं सांगितलं असणार. … बरं, ऐका. नळी मी नाय जोडणार. तुम्हीच जोडा. … थरथरू द्या हात. मी धरते. … हां, सरकला मोर्चा. ठेवते.