दोरू नदीकाठचं जेवण

जोआन : गावाचं नाव राहू दे, पप्पा. नदी तरी घराच्या कुठल्या बाजूला होती?

इग्नेशियस : दोरू नदी. पोर्तुगालात कुणालाही विचार. चहा घे, गार होतोय.

जोआन : लांबच लांब नदी आहे ती. दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे आणि डोंगराडोंगरावर गावं. ॲलिस्टरने सप्टेंबरची तिकिटं काढलीत. तुमचंही काढलंय. मला फक्त ते एक घर शोधायचंय, तुम्ही जेवलात ते.

इग्नेशियस : माझं कशाला काढलं? जावयाला सांग, म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत. आणि तुम्ही हॉटेलात खा की.

जोआन : हॉटेलात खायला एवढ्या लांब जाऊ? तुम्हीच सांगायचात, पाटीवर बोकडाचं चित्र असेल तिथे जेवू नको. मळ्यातली माणसं दुपारी हात धुऊन ज्या दारात शिरतात, तिथे शिर.

इग्नेशियस : ते खरंच आहे. आमच्या मस्कतच्या हॉटेलातला पोर्तुगीज शेफ तेच म्हणायचा.

जोआन : शेफ म्हणायचा. आणि तुम्ही?

इग्नेशियस : मीही म्हणतो. खोटं आहे का?

जोआन : मी तिथे खानावळ चालवणाऱ्या एका बाईला ईमेल केला होता. विचारलं, बोकड खड्ड्यात पुरून कुठे शिजवतात? काल उत्तर आलं. म्हणते, आमच्याकडे बोकड लाकडाच्या भट्टीत जातो, भाताची परातही भट्टीतच. सोबत मक्याचा पाव. आदल्या दिवशी सांगावं लागतं. पण जमिनीत कुणी पुरत नाही.

इग्नेशियस : तिच्या गावात नसतील. वसईत नाही का, वाडीवाडीचा मसाला वेगळा?

जोआन : तुमच्या गोष्टीत अख्ख्या गावाचा एकच खड्डा होता. मटण खजुराच्या झावळीच्या पिशव्यांत. आपली पिशवी ओळखू यावी म्हणून प्रत्येक घर तारेने काहीतरी बांधायचं. कुणी किल्ली, कुणी पत्र्याचा तुकडा. तुमच्या पिशवीला चमचा.

इग्नेशियस : बरी आठवण आहे तुला.

जोआन : दोरूच्या मळ्यांत खजुराच्या झावळ्या कुठून येणार, पप्पा?

[इग्नेशियस उठतो, बाल्कनीचं दार लावतो आणि परत येऊन बसतो.]

इग्नेशियस : कधी कळलं?

जोआन : काल. ईदला शेजारून शुवा येतो, खड्ड्यात शिजवलेलं मटण, तेव्हा दरवर्षी वाटायचं, अगदी पप्पांच्या गोष्टीसारखंच. पण इथे मस्कतला पोर्तुगीजांचे किल्ले आहेत, म्हटलं, जाताना जेवणही घेऊन गेले असतील.

इग्नेशियस : नव्व्याण्णव साली शेफने माझं नाव दिलं होतं गं. तीन महिने त्याच्या मुलखात, शिकायला. मी वसईला घरी फोन केला. तुझ्या मम्मीने वाडीभर केक वाटला, फादरने मिस्सात नाव घेतलं. पंधरा दिवसांत शेफ आजारी पडून घरी गेला. नवा आला त्याने माझं नाव खोडलं. मी तोंडावर बोललो. खलास. नोकरी गेली.

जोआन : मग?

इग्नेशियस : इथल्याच डोंगरात, रुस्ताकला रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या कॅम्पात ऐंशी माणसांची डाळ शिजवायला लागलो. वाटलेला केक परत कसा मागणार? फोनवर म्हटलं, पोचलो पोर्तुगालला.

जोआन : त्या ख्रिसमसला मी वर्गात सगळ्यांना सांगितलं, माझे पप्पा द्राक्षांच्या डोंगरावर आहेत.

इग्नेशियस : डोंगर होते, बाय. द्राक्षं तेवढी नव्हती.

जोआन : आणि ते घर?

इग्नेशियस : अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या आईचं. कुबरा तिचं नाव. जानेवारीत ईद आली, कॅम्प रिकामा झाला, मी एकटाच राहिलो. तिने मुलाला पाठवलं. म्हणे, स्वयंपाकी आहेस ना, मग बसून काय राहिलास, ये मसाला लाव. माझी वेगळी पिशवी केली, माझाच कॅम्पातला चमचा तिला बांधला. दोन दिवसांनी खड्डा उघडला तेव्हा चमचा वर धरून ओरडली, 'इग्नास!' सगळं गाव हसलं. मी रडलो. धुराने, असं म्हटलं.

जोआन : आणि मम्मीला...

इग्नेशियस : तिने फोनवर विचारलं, काय जेवलात? जेवण खरं सांगितलं, गाव खोटं सांगितलं.

जोआन : इथे आल्यावर किती वेळा म्हणाली, मला त्या चमच्याच्या घरी एकदा जेवायचंय.

इग्नेशियस : अकरा वर्षं म्हणाली. दार्सैतच्या आपल्या खोलीपासून दोन तासांची वाट. एका शुक्रवारी सांगायचंच असं ठरवून तिला गाडीत बसवलं. अर्ध्या वाटेवर बरकापर्यंत गेलो. तिथे हलवा घेतला आणि परत फिरलो. वाटेत विचारते, आपण पोर्तुगालला कधी जायचं? म्हटलं, इन्शाल्ला. ती गेली त्या वर्षीसुद्धा तेच म्हटलं.

जोआन : सांगितलं असतं तर हसली असती.

इग्नेशियस : आधी रागावली असती. मग जेवली असती.

जोआन : आधी जेवली असती, पप्पा. पोट भरल्यावर रागावली असती.

इग्नेशियस : हो. तशीच होती.

जोआन : कुबरा आहेत अजून?

इग्नेशियस : गेल्या वर्षी तिचा मुलगा सुफियान भेटला होता. म्हणाला, खड्डा तोच आहे. अम्माला दिसत नाही आता, पण पिशव्या तीच वाटते. खुणा हाताने चाचपून.

जोआन : बुधवारी ईद आहे. त्याला फोन करा.

इग्नेशियस : आणि पोर्तुगाल?

जोआन : तिथेही जाऊ. शेफच्या मुलखात मळ्यातली माणसं शिरतील त्या दारात शिरू, भट्टीतलं खाऊ. पण आधी रुस्ताक. मी चालवते गाडी, बरकाला थांबायचं नाही.

इग्नेशियस : माझा चमचा कधीच हरवला. दुसरं काही बांधलं तर तिला कळायचं नाही.

जोआन : मम्मीचा आहे माझ्याकडे. मसाल्याच्या डब्यातला.

इग्नेशियस : तो बारका?

जोआन : तोच. दांड्याला भोक आहे त्याच्या.

इग्नेशियस : मग तार जाईल त्यातून.