चिठ्ठीत आलेलं दूध

काचेपलीकडे अपुऱ्या दिवसांची बाळं पेट्यांमध्ये निजली होती. बाहेर वायरमन शिडीवर चढून ट्यूब बदलत होता, आणि खाली बाकावर त्यांतल्याच दोन बाळांच्या आयांची, एका शिंपिणीची नि एका मास्तरणीची, जुंपली होती.

“तुझी पोरगी आज किती प्यायली गं?” शिंपिणीनं विचारलं.

“नळीतून, दर खेपेला बारा मिली.”

“बारा! माझा अजून सहावरच. दोघं एकाच दिवशीची, वजनं सारखी. माझ्या दुधाच्या बाटल्या फ्रिजात पडून, नि पोरगं घोटाला महाग!”

“मग मी काय करू? दूध भराभर वाढवावं की हळूहळू, हे डॉक्टर बाळांच्या चिठ्ठ्या टाकून शोधताहेत. तूही सही केलीस. चिठ्ठीत मला भराभर आलं.”

“चांगलं तेवढं तुझ्याच पदरात!”

“चांगलं? तिचं पोट जरा फुगलं की माझा जीव टांगणीला. तुझ्याला कसं बेताबेतानं देतात. मीच जळते तुझ्यावर.”

“माझ्यावर? त्याच्या हातापायांच्या काड्या झाल्यात!”

“डॉक्टरांना विचारलंस, कुठलं बरं ते?”

“विचारलं. म्हणाले, ठाऊक असतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या?”

ट्यूब केव्हाच लागली होती. वायरमन काही शिडीवरून उतरेना.

“चिठ्ठ्या बदलून मागायच्या?” मास्तरणीनं विचारलं.

“चल, आत्ताच.”

दोघी तरातरा निघाल्या. दाराशी शिंपीण थबकली.

“नको गं. बदलून मिळाली, की पुन्हा मला तुझीच बरी वाटेल.”