रामनगरच्या खोलीची वरची कडी

नाव राखी झिलू (झिलू हे नाव बालगृहाच्या दाखल्यावर आहे, तो माणूस मी पाहिलेला नाही), वय एकोणीस, धंदा ब्लाउज शिवणे, राहणार केशर मिराशी यांच्या घरामागची खोली, रामनगर, तालुका जोयडा.

मी ठाण्यात आपणहून येऊन, कुणी शिकवल्याशिवाय सांगते की, वरील केशर मिराशी, ज्यांना मी आक्का म्हणते, त्या मला रात्री खोलीत कोंडून ठेवतात अशी तक्रार शेजारचे पंक्चरवाले वासूमामा यांनी आज सकाळी दिली आहे. त्यामुळे आक्कांना येथे आणून बाकावर बसवले आहे. विचारले तरी त्या काही बोलत नाहीत. म्हणून मी बोलते.

मी लहानपणापासून मुलींच्या बालगृहात वाढले. अठरा पूर्ण झाली तसे तेथून निघावे लागले. शिवण येत होते, रामनगरात दुकानात काम मिळाले, पण खोली मिळेना. ज्या दारात जावे तिथे पहिला प्रश्न, "कुणाची गं तू?" मी बालगृहाचा दाखला पुढे करायची. दारे बंद झाली. आक्कांनीही तेच विचारले. मी पिशवीतून दाखला काढू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हिरीचं पानी वडाय येतंय न्हवं? मग सामान आत घे." सामान म्हणजे एक पिशवी होती.

खोलीत आल्यावर त्यांनी नव्या चुलीवर दूध उतू घालवायला लावले, कारण नवीन बिऱ्हाड मांडताना तसे करतात. मला ते माहीत नव्हते. मी दूध उतू जायला लागताच फुंकर मारून खाली उतरवले. बालगृहात दूध सांडले की ओरडा बसायचा. आक्का पोट धरून हसल्या आणि दुसरे दूध ठेवले. भातही मी चाळीस जणींच्या अंदाजाने टाकायची. एका माणसाचा भात किती, हे त्यांनीच शिकवले. तोवर त्यांच्या म्हशीची चंगळ झाली.

आता कडीबद्दल. बालगृहात आम्ही झोपलो की बाई बाहेरून कडी घालायच्या. तो आवाज झाल्याशिवाय मला झोप येत नाही. नव्या खोलीत मी नुसती जागी पडून राहायची आणि शिलाई वाकडी जायची. शेवटी मीच आक्कांना सांगितले की रोज बाहेरून वरची कडी घाला. त्या आधी रागावल्या. "तू काय शेरडू हाईस व्हय, कोंडायला?" मी रडले, मग त्यांनी ऐकले. तेव्हापासून जेवणे झाली की त्या येतात, कडी वाजते, आणि मला झोप लागते. वासूमामांनी तेच ऐकले व पाहिले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. माझ्यासाठी कुणी पोलिसात जाईल असे मला कधी वाटले नव्हते. त्यांचेही आभार लिहून घ्यावेत. जबाब घेणारे साहेब म्हणाले की जबाबात आभार लिहीत नाहीत. तरी लिहावेत.

त्यानंतर महिला पोलीस कविता मॅडम मला घेऊन खोली बघायला गेल्या. दिवसा कामावर जाताना मी खालच्या कोयंड्याला कुलूप लावते, वर कधी बघितले नाही. मॅडमनी वरची कडी सरकवली. ती कशातच गेली नाही. चौकटीवर कोयंडाच नव्हता, दोन खिळ्यांची भोके होती आणि त्यांच्यावरून रंग मारलेला होता. म्हणजे ती कडी नुसती वाजत होती. दार उघडेच असायचे.

परत येऊन मी आक्कांना सर्वांसमोर विचारले. त्या म्हणाल्या, "दिवाळीला रंग काढला तवाच उपसलाय कोयंडा. आग लागली, जनावर निघालं, तर पोरीनं भाईर कसं यायचं? आवाज पायजे हुता, आवाज देत हुते." सकाळपासून का बोलला नाहीत असे साहेबांनी विचारले. त्या म्हणाल्या, "तिच्या कानावर गेलं आसतं. मग झोपली आसती व्हय ती?" म्हणजे मला झोप लागावी म्हणून त्या आळ घेऊन बाकावर बसल्या होत्या. हे ऐकून मला रडू आले. थोडा वेळ जबाब थांबवला होता.

मला कुणी कोंडलेले नाही. दिवाळीपासून मी उघड्या दाराच्या खोलीत एकटी झोपते आहे आणि मला गाढ झोप लागते आहे, हे मला आज कळले. ती खोली मला सोडायची नाही. आक्कांवर माझी काही तक्रार नाही, कधी होणारही नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे.

आज रात्रीपासून दार मी आतून लावणार आहे. मॅडमनी विचारले की मग आक्कांना बाहेर येऊन कडी वाजवायची गरज नाही, असे लिहू का. तसे लिहू नये. त्यांनी यावे.

हा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला, आक्कांनीही ऐकला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. अंगठा नको, मला सही येते.

राखी