हवालदारांची मूठ

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी माजी सैनिकांची तपासणी करायला डॉक्टर पहिल्यांदाच गावच्या शाळेत आले होते. माझ्या मागच्या बाकावर एक निवृत्त हवालदार आणि त्यांची लेक बसली होती.

"बाबा, हात खिशात का कोंबलाय?"

"गरम ठेवतोय. गार पडला की बोटं आखडतात."

"मग आखडू देत की! तेच तर दाखवायचंय."

"खुळी आहेस. पलटणीत मेडिकलला नापास झालं की घरी पाठवतात."

"तुम्ही घरीच आहात, बाबा. बारा वर्षं झाली."

"महिनाभर सराव केलाय मी. गोठ्यामागे, चेंडू घेऊन."

"कसला सराव?"

"मूठ वळायचा. हे बघ."

"अगं बाई! सोडा आधी, कोणी बघेल. सकाळी शर्टाची बटणं कोणी लावली?"

"तू."

"मी सासरी गेल्यावर कोण लावणार? शहरात जायला तीन गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून दोनदा तारीख हुकली. आज हात धडधाकट लिहिला, तर परत कोण विचारणार आपल्याला?"

"मला भीती वाटते गं."

"कशाची?"

"साहेबांसमोर हात थरथरला तर?"

"थरथरू दे, बाबा. पाया पडते तुमच्या."

"पुढचे कोण? या!"

ते ताठ चालत आत गेले. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"हवालदार, मूठ वळा बघू. जमेल तितकीच."

लेकीने माझ्या बाकाची पाठ गच्च धरली.

"अजून घट्ट वळू का, साहेब?"